आल्या वाटेची खूण

ज्या द्रव्यांच्या अभ्यासात माझ्या उमेदीची बहुतेक वर्षे खर्ची पडली, त्यांना निसर्गाने आपल्या दोन अत्यंत महत्त्वाच्या कारभारांसाठी फार पूर्वीच मुक्रर करून ठेवले आहे. पानातील हरितद्रव्य आणि रक्तातील हीम यांच्या रूपात आणि कार्यात कितीही अंतर असले, तरी दोघांच्याही मुळाशी चार पायरोल-वलयांना कार्बनच्या चार दुव्यांनी सांधून झालेले एकाच जातीचे बृहद्वलय असते, आणि त्याच्या मध्यभागी, चार नायट्रोजन अणूंच्या पकडीत, पानात मॅग्नेशियम व रक्तात लोह बसलेले असते. माणसाने या कुळात जी भर घातली तिच्यात थॅलोसायनिनाचे स्थान पहिले. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथच्या कारखान्यात 1928 साली थॅलिमाइड तयार होत असताना, मुलामा तडकलेल्या लोखंडी भांड्यात एक गडद निळसर द्रव्य जमलेले आढळले; लिन्स्टेड यांनी 1934 साली त्याची रचना सिद्ध केली, आणि रॉबर्टसन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तिची खातरजमा करून दिली. भांड्याच्या तडकलेल्या मुलाम्याखालून आलेले लोखंड त्या वलयाच्या मध्यभागी जाऊन बसले होते. आज छपाईच्या शाईत आणि मोटारींच्या रंगात जो निळा दिसतो, तो बव्हंशी याच वलयात तांबे बसवून केलेला असतो.

या संयुगांचा रंग गडद असतो याचा अर्थ ती प्रकाश अधाशीपणाने शोषतात. आणि प्रकाश शोषल्यानंतर त्या रेणूचे पुढे काय होते, हा माझ्या कामाचा विषय. शोषणानंतर रेणू ज्या उत्तेजित अवस्थेत जातो तीत, वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेला त्याचा जोडीदार यांची परिवलने परस्परविरुद्ध असतात, दोघांचे चुंबकत्व एकमेकांत विरते, आणि चुंबकाला त्या रेणूचा काही पत्ता लागत नाही. पण ही अवस्था फार टिकत नाही. जस्ताच्या पॉर्फिरिनात ती सुमारे दोन नॅनोसेकंदांत मावळते, आणि बहुतेक रेणू खाली मूळ अवस्थेत न परतता बाजूच्या एका अवस्थेत उतरतात, जिथे दोन्ही इलेक्ट्रॉनांची परिवलने समांतर झालेली असतात. हीच त्रिक अवस्था. परिवलन उलटण्याचा हा व्यवहार पुंजयामिकीच्या सरळ नियमांनी निषिद्ध असल्यामुळे या अवस्थेतून बाहेर पडणे रेणूला अवघड जाते, आणि म्हणून द्रव नायट्रोजनच्या तापमानात जस्ताच्या टेट्राफेनिलपॉर्फिरिनाची त्रिक अवस्था सुमारे 25 मिलिसेकंद जगते. रेणूंच्या जगात हा काळ दीर्घ आहे, आणि तेवढ्या काळात तो रेणू एक लहानसा चुंबक असतो.

या गोष्टीचा इतिहास मला नेहमी मोठा अर्थपूर्ण वाटत आला आहे. दुसरे महायुद्ध चालू असता 1944 साली कझान शहरात झावोइस्की यांनी इलेक्ट्रॉन परिवलन अनुस्पंदन, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांनी ठरावीक कंप्रतेचे तरंग शोषणे, प्रथम पाहिले; त्याच वर्षी कॅलिफोर्नियात लुईस आणि काशा यांनी असे प्रतिपादन केले की, प्रकाश काढून घेतल्यावरही मंदपणे तेवत राहणारे प्रस्फुरण त्रिक अवस्थेतून येते. त्रिक अवस्था चुंबकीय असेल तर ती झावोइस्कींच्या पद्धतीने दिसलीच पाहिजे, हा तर्क उघड होता. तरीही ती दिसण्यास 1958 साल उजाडावे लागले, जेव्हा शिकागोत हचिसन आणि मँगम यांनी ड्युरीनच्या स्फटिकात विखुरलेल्या नॅफ्थॅलीनवर प्रकाश टाकून तिचा वर्णपट मिळवला. पुढच्याच वर्षी नेदरलंड्समधील व्हान डर वाल्स आणि डी ग्रूट यांनी दाखवून दिले की त्यासाठी स्फटिकाचीही गरज नाही, काचेसारख्या गोठलेल्या द्रावणातही त्रिक अवस्थेची ओळख पटते. आपल्याकडे या शास्त्राचा पाया घालण्याचे श्रेय बी. वेंकटरामन यांचे. कोलंबिया विद्यापीठात फ्रेंकेल यांच्याबरोबर सेमिक्विनोनांवर काम करून, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रासायनिक भौतिकीची परंपरा उभी केली. मी त्यांचा शिष्य नव्हे; पण माझ्या पिढीतील ज्याने ज्याने या देशात चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये क्वार्ट्झची नळी अडकवली, तो त्यांचा कोठे ना कोठे ऋणी आहे.

मी या विषयात शिरलो तो नळीच्या बाजूने, म्हणजे रसायनाच्या बाजूने, आणि आजही माझे मत असे की या क्षेत्रात ज्याला खोल उतरायचे आहे त्याने आपले संयुग एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे. टेट्राफेनिलपॉर्फिरिनाची कृती लेखी पाहता अगदी साधी आहे: उकळत्या प्रोपिऑनिक आम्लात पायरोल आणि बेंझाल्डिहाइड सममात्रेत घालावे, अर्धा तास उकळू द्यावे, आणि निवल्यावर गाळून घ्यावे. परंतु पायरोल ताजे ऊर्ध्वपातित केलेले नसेल, बाटलीत राहून तपकिरी झालेले असेल, तर हाती केवळ डांबर येते; सारे यथासांग झाले तरी पदरी पडते ते अपेक्षित राशीच्या पाचव्या हिश्शाइतके. मात्र गाळणीच्या कागदावर जांभळ्या, धातूसारख्या चमकणाऱ्या स्फटिकांचा जो थर उरतो, तो आंबूस वासाने भरलेल्या खोलीतील सर्व कष्ट सार्थकी लावतो. मिथेनॉलने धुणाऱ्या हाताला तो रंग कित्येक दिवस सोडत नाही. या संयुगात जस्त घालणे त्याहून सोपे: क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून जस्ताचे ॲसिटेट मिसळावे, थोडे उकळावे, आणि वर्णपटमापकात पाहावे. निर्धातू वलयाचे दृश्य प्रकाशातील चार पट्टे हळूहळू दोनांवर येतात, कारण मध्यभागी जस्त बसताच वलयाची सममिती वाढते. हे चाराचे दोन होणे मी अगणित वेळा पाहिले, आणि ज्याच्याकडे पाहण्याचा मला कधी कंटाळा आला नाही अशा थोड्या गोष्टींत त्याची गणना करतो.

त्यानंतर प्राणवायूशी झगडा. वातावरणातील ऑक्सिजन स्वतःच त्रिक अवस्थेत असतो. दुसऱ्या कोणत्याही त्रिक रेणूशी गाठ पडली की त्याची ऊर्जा हरण करून तो स्वतः अत्यंत विक्रियाशील होतो. कर्करोगावरील प्रकाशोपचाराचे सारे मर्म याच हरणात आहे. पॉर्फिरिनापासून बनवलेले पहिले औषध 1993 साली कॅनडात मान्य झाले. त्याने पेशीत शिरून, लाल प्रकाश मिळताच, शेजारच्या ऑक्सिजनला चेतवून पेशी मारावी, अशी ती योजना. परंतु रुग्णाच्या शरीरात जो ऑक्सिजन हवा असतो, तो माझ्या नळीत चालत नाही. म्हणून द्रावण द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे, पंपाने निर्वात करायचे, तोटी बंद करून वितळू द्यायचे, बुडबुडे निघाले की पुन्हा गोठवायचे, आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत हा क्रम चालू ठेवून शेवटी ज्योतीने नळीचा गळा मिटवून टाकायचा. हे शेवटचे काम आमच्या काचशाळेतील तात्या करीत. क्वार्ट्झ साध्या ज्योतीला दाद देत नाही, तिला ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत लागते. आणि ज्योतीपासून वीतभर अंतरावर टोल्यूइनसारखा ज्वालाग्राही द्रावक असतो. "सर, खालचं गोठलेलं असू द्या," ते म्हणत, "पण वरचा गळा कोरडा हवा. एक थेंब राहिला तर जाळात काळा पडेल, आणि मग ती काच धरायची नाही." त्यांनी मिटवलेल्या नळ्या वर्षानुवर्षे निर्वात राहिल्या. शोधनिबंधाच्या अखेरीस आभाराच्या दोन ओळींत त्यांचे नाव मी दर वेळी आग्रहाने घातले; प्रयोगाचा अर्धा प्रामाणिकपणा त्यांच्या हातात होता.

मुंबईच्या हवेने या कामात जेवढा अडथळा आणला तेवढा दुसऱ्या कशानेही आणला नाही. नमुना ज्या निर्वात भांड्यात, डेवरमध्ये, थंड राखायचा, त्याचे निमुळते टोक सूक्ष्मतरंगांच्या धातूच्या पेटीत, कॅव्हिटीत, जाते; आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतके बाष्प असते की थंड काचेवर क्षणार्धात दव धरते. पाणी सूक्ष्मतरंग शोषून घेते, पेटीचा गुणवत्ता-गुणांक ढासळतो, आणि लेसरचा किरण ज्या झडपांतून आत यायचा त्या झडपांपुढेही धुके पसरते. त्यासाठी कोरड्या नायट्रोजनचा मंद प्रवाह पेटीतून अखंड सोडून ठेवावा लागे. दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म होती: द्रव नायट्रोजन डेवरच्या टोकात उकळतो, त्याचे बुडबुडे नमुन्याला हलवतात, आणि तो कंप संकेतात गोंगाट म्हणून उतरतो. थोडा हेलियम वायू त्यातून सोडला असता बुडबुडे काही काळ थांबतात, ही युक्ती मला एका जुन्या सहकाऱ्याने शिकवली. रात्री उशिरा, लिफ्ट थांबलेल्या आणि इमारतीतील इतर यंत्रे बंद झालेली असताना, संकेताची रेषा सर्वांत शांत असे; म्हणून आमचे खरे काम बहुधा मध्यरात्रीनंतर सुरू होई.

आता जे मला मुख्यतः सांगावयाचे आहे त्याकडे येतो. चुंबकीय क्षेत्र नसतानाही त्रिक अवस्थेच्या तीन उपपातळ्या असतात, आणि रेणूच्या तीन अक्षांशी त्यांची गाठ बांधलेली असते: दोन वलयाच्या प्रतलातील अक्षांशी, एक प्रतलाला लंब असलेल्या अक्षाशी. त्यांच्यातील अंतर दोन इलेक्ट्रॉनांच्या परस्परांवरील चुंबकीय परिणामामुळे पडते. पॉर्फिरिनांत ते सुमारे 0.03 प्रतिसेंटिमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या मापाने तीनशेवर गाउस भरते, आणि गोठलेल्या द्रावणातील संपूर्ण वर्णपट 3400 गाउसांच्या आसपास सहाशेहून अधिक गाउसांवर पसरतो. या पसरणीतून वलयाचा आकार वाचता येतो. जस्ताचे वलय कागदावर चौरस सममितीचे. परंतु उत्तेजित अवस्थेत प्रतलातील दोन अक्ष सारखे राहत नाहीत, वलय एका दिशेने किंचित दबते, आणि वर्णपट ते लगेच सांगतो. लायडनमध्ये व्हान डर वाल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्त-पॉर्फिनाचा स्फटिकातील अभ्यास करून या विरूपणाची जी चिकित्सा केली, ती मी वारंवार वाचली आहे.

पण आकारापेक्षा मला ओढ लागली ती लोकसंख्येची. अनुस्पंदनाचा नेहमीचा संकेत दोन पातळ्यांतील रेणूंच्या संख्येच्या फरकावर अवलंबून असतो, आणि औष्णिक समतोलात हा फरक अत्यंत क्षुद्र असतो. सामान्य तापमानात आणि नेहमीच्या 9.5 गिगाहर्ट्झ कंप्रतेला तो हजारात एकाहूनही कमी. परंतु त्रिक अवस्था जेव्हा जन्मास येते त्या क्षणी तिन्ही उपपातळ्यांत रेणू सारखे वाटलेले नसतात. परिवलन उलटवणारी जी शक्ती, म्हणजे इलेक्ट्रॉनाची कक्षीय गती आणि त्याचे परिवलन यांचे युग्मन, तिला स्वतःची दिशा असते. ती एखाद्या उपपातळीला भरभरून देते आणि दुसरीला कोरडी ठेवते. अशा वेळी संकेत शंभराहून अधिक पट बळावतो, आणि वर्णपटाचा काही भाग शोषणाऐवजी उत्सर्जन दाखवू लागतो, म्हणजे नमुना सूक्ष्मतरंग घेण्याऐवजी बाहेर टाकू लागतो. हे असमान वाटप टिकत नाही. आसपासच्या गोठलेल्या द्रावकाच्या कंपनांशी देवाणघेवाण होऊन काही मायक्रोसेकंदांतच सारे पुन्हा समतोलाच्या पातळीवर येते. आळंदीची, देहूची, पैठणची दिंडी वाटेवर असते तोवर तिच्या पालखीवरून आणि पताकांवरून ती कोठून निघाली ते सांगता येते, परंतु चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे एकदा मिसळले की समोरचा वारकरी कोणत्या वाटेने आला हे केवळ त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. त्रिक रेणूंचेही असेच होते. समतोल आला की रेणू आहे एवढेच कळते, तो कसा आला ते कळत नाही.

जुन्या यंत्रांना ते कळणे शक्यच नव्हते. त्यांत चुंबकीय क्षेत्र सेकंदाला एक लाख वेळा हलवून संकेत काढला जाई, आणि अशा यंत्राला त्याहून जलद घडणारी गोष्ट मुळात दिसत नसे. सेंट लुईसच्या विद्यापीठात किम आणि वाइसमन यांनी 1976 साली ही क्षेत्राची हालचालच काढून टाकली, लेसरच्या स्पंदानंतरचा संकेत थेट नोंदवला, आणि त्यामुळे मायक्रोसेकंदाच्या अंशापर्यंत पोहोचता आले. या पद्धतीत संवेदनशीलता बरीच गमवावी लागते, पण जन्मकाळचे असमान वाटप ती भरून काढते. मला स्वतःला त्यांच्या निबंधाने जे दिले ते शब्दांत मांडणे कठीण आहे. तोपर्यंत मी वर्णपटाकडे एखाद्या वस्तूचे वर्णन म्हणून पाहत होतो. त्यानंतर तो घडलेल्या गोष्टीचा वृत्तांत म्हणून वाचू लागलो.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्याकडे अशी जुळणी उभी करायची तर निओडिमियमचा लेसर परदेशातून आणणे भाग होते, आणि तो आणायचा तर आयात परवाना, परकीय चलनाची मंजुरी, जकातमाफीचा दाखला आणि देशात असे यंत्र बनत नसल्याचा लेखी निर्वाळा ही सारी कागदपत्रे एका फेरिस्तीनुसार सादर करणे भाग होते. एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाताना एक खलिता असा काही गहाळ झाला की सगळी तजवीज नव्याने करावी लागली, आणि यंत्र गोदीत पडून राहिले. त्या दिरंगाईचे दुःख आज उरलेले नाही. परंतु परदेशातील समवयस्कांचे निबंध त्या काळात एकामागून एक हाती येत, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे आपल्या हातून निघावीत असे वाटत होते ती छापील वाचावी लागत, ही खंत मी लपवणार नाही.

अखेर हिरव्या, 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणाने नमुना उजळला. पहिला नमुना अर्थातच जस्ताच्या टेट्राफेनिलपॉर्फिरिनाचा, गोठलेल्या टोल्यूइनमधील. क्षेत्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकवत, प्रत्येक ठिकाणी लेसरच्या अनेक स्पंदांची सरासरी घेत, आम्ही रेषा जोडत गेलो. आणि वर्णपटाचा कमी क्षेत्राकडील अर्धा भाग संपूर्ण वर, शोषणात, आणि अधिक क्षेत्राकडील अर्धा भाग संपूर्ण खाली, उत्सर्जनात, असा उतरला. मग जस्त नसलेले, निर्धातू वलय लावले. त्याच्या वर्णपटात प्रत्येक अर्ध्यातच शोषण आणि उत्सर्जन यांची अदलाबदल होत होती. वलय तेच, चार फेनिल गट तेच, द्रावक तोच, आणि मध्यभागी केवळ दोन हायड्रोजनांच्या जागी एक जस्त. पण रेणू त्रिक अवस्थेत उतरला तो वेगळ्या दाराने. जस्ताच्या कक्षकांचा जो अल्प अंश वलयाच्या इलेक्ट्रॉनांत मिसळतो, तो परिवलन उलटवण्याचे काम वलयाला लंब असलेल्या अक्षाच्या उपपातळीमार्फत करतो. जस्त नसेल तर हे काम वलयाला स्वतःच्या बळावर, प्रतलातील उपपातळ्यांमार्फत, उरकावे लागते. ज्या उत्तेजित इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व आपण मोजतो ते वलयावर असतात, जस्तावर जवळजवळ नसतातच. तरी जस्ताने केलेला हस्तक्षेप त्यांच्या वाटपात स्पष्ट उमटलेला असतो. स्वतः अदृश्य राहून दुसऱ्याच्या आचरणात ओळखू येणारा हा धातू मला त्या रात्रीपासून फार जवळचा वाटत आला.

हे निव्वळ प्रयोगशाळेतील कौतुक नव्हे, याची खात्री मला प्रकाशसंश्लेषणाने दिली. जांभळ्या जिवाणूंच्या प्रकाशसंश्लेषक केंद्रात हरितद्रव्याच्या जातीचे रेणू असतात. ते रेणू बाहेर काढून गोठवले आणि प्रकाशाने उत्तेजित केले तर त्यांची त्रिक अवस्था नेहमीच्या मार्गाने, आण्विक अक्षांशी बांधलेल्या वाटपाने, जन्मते. परंतु केंद्रात, पुढील इलेक्ट्रॉन-ग्राही अडवून धरला असता, जी त्रिक अवस्था दिसते तिचे वाटप पूर्णपणे निराळे असते: रेणू चुंबकाशी कसाही वळलेला असो, बाह्य क्षेत्रात जी मधली पातळी बनते तीच सर्वत्र भरलेली असते. थर्नॉअर, काट्झ आणि नॉरिस यांनी 1975 साली याचा अर्थ लावला. केंद्रात प्रकाशाने प्रथम इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर जातो, धन आणि ऋण अशा दोन आयनांची जोडी निर्माण होते, पुढची वाट बंद असल्याने ती जोडी काही नॅनोसेकंदांनी परत मिळते, आणि त्या परत मिळण्यातून त्रिक अवस्था जन्मते. असे वाटप नेहमीच्या मार्गाने येऊ शकत नाही. म्हणजे जी आयनांची जोडी यंत्राने पाहिलीच नाही, जी नमुना नोंदवण्याच्या कितीतरी आधी संपून गेली होती, तिच्या अस्तित्वाचा पुरावा मागे राहिलेल्या रेणूंच्या असमान वाटपाने दिला. या शास्त्रात मी जे जे वाचले त्यात याहून सुंदर अनुमान मला आढळलेले नाही.

तांब्याकडे मी नंतर वळलो, आणि तांब्याने फार परीक्षा पाहिली. जस्ताची सर्व इलेक्ट्रॉन-कवचे भरलेली असतात, म्हणून तो मध्यभागी बसून केवळ प्रभाव टाकतो. तांब्याचा एक इलेक्ट्रॉन मात्र एकटा असतो, आणि अंधारातही तांब्याचे पॉर्फिरिन चुंबकीय असते. त्याचा अंधारातील वर्णपट हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे: तांब्याच्या अणुकेंद्रामुळे रेषा चार भागांत फुटते, आणि विरल, नीट तयार केलेल्या नमुन्यात त्या प्रत्येक भागाचे चार नायट्रोजनांमुळे पुन्हा नऊ सूक्ष्म रेषांत विभाजन झालेले दिसते. तांब्याचा तो एकटा इलेक्ट्रॉन आपल्या धातूवरच बसून नसतो, चारही नायट्रोजनांकडे तो समभागाने जाऊन येतो, हे त्या नऊ रेषा मोजून विद्यार्थ्याला एका दुपारी पटवता येते. पण प्रकाश टाकताच वलयावरील त्रिक अवस्थेची दोन परिवलने आणि तांब्याचे एक, अशी तीन परिवलने एकत्र येतात, त्यांतून चतुष्क आणि द्विक अशा दोन निरनिराळ्या अवस्था निर्माण होतात, आणि त्यांच्यातील वाट इतकी मोकळी असते की सारे फार लवकर निवळते. अंधारातील बलवान संकेतावर बसलेला हा क्षणिक बदल वेगळा काढताना कित्येक रात्री रेषेत गोंगाटाशिवाय काही नव्हते. व्हॅनेडियमचे पॉर्फिरिन याबाबतीत अधिक समंजस निघाले. जपानमध्ये यामाउची यांच्या गटाने तर याच प्रश्नाला एक नवीन बाजू दिली: धातू जस्तच ठेवायचा, आणि एकटा इलेक्ट्रॉन असलेला नायट्रॉक्साइड गट जस्ताला बाहेरून जोडायचा, म्हणजे तीन परिवलनांची जुळणी होते पण तांब्याचा उतावळेपणा टळतो. आपल्याला हवे ते द्रव्य निसर्गाकडून मिळत नसेल तर ते रचून घ्यावे, ही रसायनशास्त्रज्ञाची रीत त्यांच्या कामात फार उत्तम उतरली आहे.

अलीकडे या त्रिक रेणूंना एक नवीन काम मिळाले आहे. इटलीतील पादुआच्या संशोधकांनी 2014 साली दाखवले की पेप्टाइडाला जोडलेले पॉर्फिरिन प्रकाशाने त्रिक अवस्थेत नेले तर ते एक चुंबकीय खूण म्हणून वापरता येते, आणि त्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे नॅनोमीटरांतील अंतर मोजता येते. जन्मकाळच्या असमान वाटपामुळे संकेत बळकट असतो आणि काम झाल्यावर खूण आपोआप विझते. माझी एक विद्यार्थिनी याच दिशेने काम करते. तिने मला नुकताच एक प्रश्न विचारला: "सर, रेणू ज्या पातळीतून आत येतात, बाहेर पडतानाही तिथूनच पडतात का?" तत्त्वतः उत्तर होकारार्थी आहे. जी उपपातळी सर्वांत वेगाने भरते तिच्यावरच परिवलन उलटवणाऱ्या शक्तीचा जोर सर्वाधिक असल्याने तीच बहुधा सर्वांत वेगाने रिकामीही होते. म्हणून उपपातळ्यांमधील देवाणघेवाण पुरेशी मंद ठेवता आली तर काही काळाने वाटप उलटे व्हावे, आणि जिथे शोषण होते तिथे उत्सर्जन दिसावे. द्रव नायट्रोजनच्या तापमानात ते दिसत नाही, कारण समतोल फार लवकर येतो. त्यासाठी हेलियमच्या तापमानापर्यंत उतरावे लागते. तिने हेलियमची मागणी नोंदवली आहे आणि पहिला नमुना म्हणून जस्ताचे नव्हे, निर्धातू वलय निवडले आहे, कारण त्यात आत येणाऱ्या दोन पातळ्यांपैकी कोणती आधी रिकामी होते हे तिला स्वतंत्रपणे पाहायचे आहे. नळी मिटवण्यासाठी ती काचशाळेत गेली, तेव्हा गळा कोरडा ठेवण्याविषयी तिला वेगळे सांगण्याची मला गरज पडली नाही.